इगतपुरीचा इंजिनबदल: वाफ आणि वीज यांच्या सीमेचे एक प्रकरण

१९३० पासून पुढची तीन दशके आणि त्याहूनही काही काळ, मुंबईहून नाशिक-भुसावळच्या दिशेने निघालेल्या लांब पल्ल्याच्या गाडीला इगतपुरीचा थांबा चुकत नसे. गावात चढणारे-उतरणारे प्रवासी मोजके असले तरी गाडी थांबे, कारण व्हिक्टोरिया टर्मिनसपासून १३६ किलोमीटर गाडी ओढत आणलेले विजेचे इंजिन इथे सुटत असे आणि त्याच्या जागी वाफेचे इंजिन लागत असे. मुंबईकडे येणाऱ्या गाडीच्या बाबतीत हाच क्रम उलटा होई. दुसऱ्या फाट्यावर, म्हणजे कल्याणहून कर्जत-लोणावळामार्गे दक्षिणेकडे जाणाऱ्या रुळांवर, हा बदल पुण्याला होत असे. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेने, म्हणजे जुन्या लोकांच्या बोलण्यातल्या 'जीआयपी'ने, वाफ आणि वीज यांची सीमा या दोन ठिकाणी आखली होती. तारा जिथपर्यंत पोचल्या तिथे त्या योगायोगाने पोचल्या, असे समजून हा विषय सहसा सोडून दिला जातो. प्रत्यक्षात ही सीमा घाटाने ठरवली होती, आणि इगतपुरीच्या बाबतीत तर घाटाने ती इतकी पक्की केली की वाफ गेल्यानंतरही ती तिथून हलली नाही.

घाटाचा हिशेब

बोरीबंदर ते ठाणे ही पहिली गाडी १६ एप्रिल १८५३ रोजी धावली आणि पुढच्याच वर्षी रूळ कल्याणला पोचले. त्यापुढे सह्याद्री होता. कर्जत-लोणावळ्याच्या बोरघाटातून रेल्वे १८६३ मध्ये वर गेली आणि कसारा-इगतपुरीच्या थळघाटातून १८६५ मध्ये. दोन्ही घाटांत सर्वांत कठीण चढ ३७ फुटांना १ फूट असा आहे. रस्त्याने प्रवास करणाऱ्याला हा चढ किरकोळ वाटेल, पण गुळगुळीत लोखंडावर गुळगुळीत लोखंडी चाक फिरवणाऱ्याला तो भयंकर आहे. ४०० टनांची गाडी या चढावर उभी केली, तर केवळ उतारामुळे तिला मागे खेचणारा जोर सुमारे पावणेअकरा टनांचा होतो. घर्षण, वळणे आणि इंजिनाचे स्वतःचे वजन यांचा हिशेब यात धरलेलाच नाही. सपाटीवर हीच गाडी ओढायला याच्या काही अंशानेच जोर पुरतो. म्हणूनच सपाटीला योग्य असलेले इंजिन घाटात अपुरे पडे, आणि घाटाला पुरेसे इंजिन सपाटीवर नुसता कोळसा खात असे.

वाफेच्या काळात या अडचणीवर उत्तर होते ते जादा इंजिनांचे. घाटाच्या पायथ्याशी, कर्जतला आणि कसाऱ्याला, गाडीला बँकर, म्हणजे मागून ढकलणारे जादा इंजिन, लावत आणि वर पोचल्यावर ते सोडत. त्यातच मूळच्या बांधणीत दोन्ही घाटांत उलटी स्थानके होती: गाडी एका रुळाने चढत आत येई, तिथे तिची दिशा उलटे आणि ती दुसऱ्या रुळाने पुढे चढे. थळघाटातले उलटे स्थानक आधी गेले. बोरघाटातले १९२०च्या दशकात, विजेच्या तयारीबरोबर नवी वाट काढून टाळण्यात आले. बोगद्यांतला धूर मात्र कुठल्याही नव्या वाटेने टळण्यासारखा नव्हता. पूर्ण जोर लावलेली दोन-तीन इंजिने मंद गतीने बोगद्यातून जात असताना मागच्या इंजिनावरच्या ड्रायव्हरला आणि फायरमनला काय श्वासावा लागत असेल, याची कल्पना करता येते. बोरघाटात असे पंचवीस बोगदे होते.

विजेची सुरुवात वेगळ्या कारणाने झाली. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला या हार्बर मार्गावर भारतातली पहिली विजेची गाडी धावली, ती उपनगरी गर्दीसाठी. वरच्या तारेत १५०० व्होल्टचा एकदिश प्रवाह (डीसी) होता. पण त्याच प्रवाहाचा खरा कस लागणार होता तो घाटात, आणि जीआयपीच्या योजनेत ते पहिल्यापासून होते. १९२९ मध्ये तारा पुण्याला पोचल्या आणि १९३० मध्ये इगतपुरीला. कल्याणपासून इगतपुरी ८२ किलोमीटर, पुणे सुमारे १३८ किलोमीटर. मुंबई-कल्याण धरून अंदाजे पावणेतीनशे किलोमीटरचा हा मार्ग झाला. यासाठी रेल्वेने ठाकुर्लीला स्वतःचे वीजगृह उभारले, त्याला आसपासचे लोक चोळे पॉवर हाऊस म्हणत. ते कोळशावरच चाले. म्हणजे कोळसा जळायचा थांबला नव्हता. तो इंजिनाच्या पोटातून निघून एका जागी, मोठ्या आणि नीट चालवलेल्या बॉयलरखाली गेला होता. मुंबईपासून कोळशाच्या खाणी फार दूर आहेत, त्यामुळे त्याच कोळशातून अधिक काम काढणे हा इथे किरकोळ फायदा नव्हता.

घाटासाठी मालगाडीची जी इंजिने आणली, त्यांना कंपनीच्या भाषेत ईएफ-१ म्हणत. पुढे त्यांचे नाव डब्ल्यूसीजी-१ झाले. पहिली स्वित्झर्लंडमध्ये बनली, बाकीची इंग्लंडमधल्या व्हल्कन फाउंड्रीत, आणि दोन्हींची बेरीज ४१ होती. मधली खोली उंच, दोन्ही टोकांना लांब नाके आणि वळणावर वाकणारे अंग, यामुळे लोकांनी त्यांना 'खेकडा' म्हटले. त्यांच्या चार मोटरींची एका तासाची क्षमता, म्हणजे फार न तापता तासभर देता येणारी ताकद, मिळून सुमारे २६०० अश्वशक्ती होती. या 'एका तासा'त घाटाच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर आहे, म्हणून त्यावर थोडे थांबतो. वाफेच्या इंजिनाची ताकद शेवटी बॉयलर किती वाफ बनवतो आणि फायरमन किती कोळसा टाकतो यावर अडते. घाटात जेव्हा सर्वाधिक वाफ हवी, तेव्हाच तो सर्वाधिक थकलेला असतो. विजेचे इंजिन आपली ताकद बरोबर वाहून नेत नाही, तारेतून घेते. मोटर तापेपर्यंत तिच्याकडून नेहमीपेक्षा जास्त काम घेता येते, आणि इगतपुरीचा घाट चढायला एक तास लागत नाही. थोड्या वेळापुरता मोठा जोर ही घाटाची नेमकी गरज होती आणि विजेच्या मोटरीचा तोच नेमका गुण होता. शिवाय खेकड्याच्या एकेका बोगीतल्या, म्हणजे इंजिनाखालच्या चाकांच्या गाड्यातल्या, तीन-तीन चाकजोड्या दांड्यांनी एकमेकींना बांधलेल्या असत, त्यामुळे पावसाळ्यातल्या ओल्या रुळावर एक चाक घसरायला लागले तरी बाकीची ते सावरून धरत. उतरताना हेच इंजिन मोटरींना जनित्र बनवून वीज तारेत परत पाठवू शके. खाली येणारी गाडी आपल्या वजनाने वर जाणाऱ्या गाडीला हात देई, आणि ब्रेकचे ठोकळे व चाके तापण्यापासून वाचत.

सीमा कुठे आखायची

आता मूळ प्रश्नाकडे वळू. विजेच्या तारा कुठे संपवायच्या, हे ठरवताना जीआयपीपुढे खरोखर चार जागा होत्या, आणि प्रत्येकीचा विचार करून पाहिला की इगतपुरीची निवड समजते.

पहिली जागा कल्याण. दोन्ही फाटे तिथे फुटतात, म्हणून एकाच शेडमध्ये दोन्ही दिशांचे काम भागले असते, आणि मुंबई शहर धुरातून मुक्त झाले असते. पण मग मुंबईपासून ५४ किलोमीटरच्या सपाट तुकड्यावर वीज आणि पुढच्या घाटात पुन्हा वाफ, असे झाले असते. जिथे विजेची गरज सर्वांत कमी तिथे ती द्यायची, आणि जिथे सर्वांत जास्त तिथे नाकारायची! उपनगरी गाड्यांपुरते हे चालले असते. मेल आणि मालगाड्यांच्या दृष्टीने नाही.

दुसरी जागा घाटाचा पायथा, कसारा आणि कर्जत. हा पर्याय सर्वांत वाईट होता. इंजिनबदलाचा वेळ खर्च करायचा आणि तरीही बँकर, बोगद्यातला धूर, घाटातली मंद गती हे सगळे तसेच ठेवायचे.

चौथी जागा, म्हणजे पठारावर आणखी पुढे, नाशिक रोड किंवा मनमाड. इथे एकदिश प्रवाहाची मर्यादा आड येते. १५०० व्होल्टवर मोठी ताकद द्यायची तर तारेतून फार मोठा प्रवाह न्यावा लागतो. त्यासाठी तांब्याची जाड तार आणि थोड्या थोड्या अंतरावर उपकेंद्रे हवीत. जिथे गाड्या दाट आहेत किंवा चढ तीव्र आहे तिथे हा खर्च भरून निघतो. इगतपुरीपुढे घोटी, अस्वली, देवळालीकडे चढ सौम्य होतात आणि कल्याणला वाहतूक आधीच दोन वाटांनी विभागलेली असते. तिथे वाफेचे इंजिन आपल्या खऱ्या गुणाला येते: मध्यम ओझे, मोकळी वाट, लांब दौड. वर जागतिक मंदीची वर्षे सुरू झाली होती, आणि नव्या तारांसाठी पैसा काढणे कुणालाच सोपे नव्हते.

उरली ती तिसरी जागा, घाटमाथा. इगतपुरी अगदी माथ्यावर आहे आणि घाटाच्या कामामुळे तिथे मोठे यार्ड, लोको शेड आणि रेल्वे कामगारांची वसाहत आधीपासून होती. कसाऱ्याहून आलेला बँकर इथे सुटत असे, म्हणजे गाड्या इथे थांबतच होत्या. इंजिनबदलासाठी नवा थांबा निर्माण करावा लागला नाही, असलेल्या थांब्यात तो बसवला गेला. माझ्या मते या सगळ्या निर्णयातला सर्वांत शहाणपणाचा भाग हाच आहे, आणि तो क्वचितच सांगितला जातो.

पुण्याचे मात्र वेगळे. बोरघाटाचा माथा लोणावळा आहे, आणि केवळ घाटाचाच विचार केला असता तर तारा तिथेच संपल्या असत्या. त्या पुढे आणखी ६४ किलोमीटर नेल्या, कारण मुंबई-पुणे ही वाहतूक स्वतःच एक पूर्ण वाहतूक होती. लष्कर, सरकारी कचेऱ्या, शर्यती, आणि पावसाळ्यात मुंबईहून पुण्याला हलणारा प्रांताचा कारभार यांमुळे बहुसंख्य प्रवासी पुण्यालाच उतरत. लोणावळ्याला इंजिन बदलायला लावून या प्रवाशांना ताटकळत ठेवण्यात अर्थ नव्हता. १ जून १९३० रोजी सुरू झालेली डेक्कन क्वीन ही या निर्णयाची सर्वांत प्रसिद्ध फलश्रुती. मुंबईपासून पुण्यापर्यंत तिला मध्ये कुठेही वाफेच्या इंजिनाची वाट पाहावी लागली नाही. पुण्यापुढे दौंड-सोलापूरकडे जाणाऱ्या गाड्यांना वाफेचे इंजिन लागे. मिरज-कोल्हापूरकडे जाणाऱ्यांना तर १९७०च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत गाडीच बदलावी लागे, कारण तो मार्ग मीटरगेज, म्हणजे अरुंद रुळांचा, होता.

फलाटावरचे काम

इंजिनबदल ऐकायला साधा वाटतो: एक सोडा, दुसरे लावा. पण दोन वेगळ्या स्वभावाची इंजिने एकाच वेळापत्रकात बसवायची असतात, तेव्हा खरे काम गाडी येण्याच्या कितीतरी आधी सुरू झालेले असते.

विजेचे इंजिन तारेला टेकले की थोड्या मिनिटांत निघायला तयार होते. वाफेच्या इंजिनाचे तसे नाही. थंड बॉयलर पेटवून पूर्ण दाबाला आणायला कित्येक तास लागतात. त्याआधी राख काढायची, टेंडरमध्ये, म्हणजे इंजिनामागे जोडलेल्या साठ्याच्या डब्यात, कोळसा आणि पाणी भरायचे, तेल घालायचे. म्हणून मुंबईची मेल इगतपुरीला येण्याआधीच पुढचे इंजिन शेडमधून वाफ धरून निघालेले असे. गाडी वेळेवर आली तर उत्तम. घाटात उशीर झाला, तर ते इंजिन उभ्या उभ्या कोळसा जाळत राही आणि त्यावरच्या माणसांच्या कामाचे तास संपत जात. उलट दिशेने मुंबईकडे येणारी गाडी भुसावळकडून उशिरा आली, तर विजेच्या इंजिनाला त्याचे सोयरसुतक नसे. तार आहे तोवर ते कितीही वेळ शांत उभे राहू शके. दोन्ही दिशांच्या उशिराची किंमत अशी वेगवेगळी होती, आणि सीमेवरच्या स्थानकात ती रोज मोजावी लागे.

गाडी थांबली की सांधेवाला डब्याच्या आणि इंजिनाच्या मध्ये उतरे, ब्रेकसाठीच्या व्हॅक्यूमचा (निर्वाताचा) नळ काढी, स्क्रू कपलिंग सैल करून आकड्यावरून उचली. विजेचे इंजिन पुढे सरके आणि तार जिथवर होती तिथवर जाऊन बाजूच्या रुळावर वळे. त्या काही मीटर जादा तारेचा विचार आधीच करावा लागतो. तार फलाटाच्या टोकालाच संपवली असती, तर सुटलेले इंजिन गाडीपुढे अडकून बसले असते. मग वाफेचे इंजिन मागे येऊन जोडले जाई. नळ जोडून झाल्यावर ब्रेक पुन्हा तयार करावा लागे: विजेच्या इंजिनावर व्हॅक्यूम मोटरवर चालणारा पंप करतो, वाफेच्या इंजिनावर तेच काम वाफेचा झोत करतो. पद्धत कुठलीही असो, गाडीच्या शेवटच्या टोकाला गार्डच्या डब्यातल्या गेजवर व्हॅक्यूम पुरेसा दिसल्याखेरीज गाडी सुटत नसे. मुंबईकडे, म्हणजे घाट उतरायला निघालेल्या गाडीच्या बाबतीत ही तपासणी जिवाची होती. तिथे ब्रेक लागला नाही तर ३७ला १च्या उतारावर माणसाच्या हातात काही राहत नाही. म्हणूनच घाटात निसटलेली गाडी चढावर घेऊन थांबवणाऱ्या कॅच सायडिंग बांधलेल्या आहेत.

थंड देशांतल्या रेल्वेला अशा सीमेवर आणखी एक डोकेदुखी असे. तिथले डबे इंजिनाच्या वाफेने गरम होत, त्यामुळे विजेच्या इंजिनावरही फक्त डब्यांच्या उबेसाठी छोटा बॉयलर ठेवावा लागे. आपल्याकडे ती वेळ आली नाही, आणि डब्यातले दिवे आसावरच्या डायनामोवर व बॅटरीवर चालत असल्याने इंजिन सुटले म्हणून अंधारही होत नसे.

धोका मात्र एक होता, आणि तो सीमेवरच्या स्थानकाचाच खास होता. वाफेचे इंजिन तारेखाली येते. टेंडरवर चढून कोळसा पुढे ओढणे, पाण्याच्या टाकीचे झाकण उघडून नळाचा लांब हात आत घालणे ही फायरमनची रोजची कामे, आणि ती करताना डोक्यावर थोड्याच उंचीवर १५०० व्होल्टची उघडी तार. ज्या माणसाने आयुष्यभर मोकळ्या आकाशाखाली टेंडरवर चढण्याची सवय अंगात मुरवली, त्याला इथे लोखंडी सळई उभी धरण्याचीही चोरी. शिवाय धुराची काजळी तारेच्या इन्सुलेटरवर बसे आणि ती पुसत राहावी लागे. घाटमाथ्यावर पावसाळा चार महिने चालतो. ओली काजळी विजेला वाट देते. फलाटावरून पाहणाऱ्याला इंजिनबदलाची मौज दिसे, तेव्हा ही जोखीम उचलणारी माणसे दिसत नसत. त्यांच्या सावधपणाची नोंद या इतिहासात जितकी व्हायला हवी तितकी झालेली नाही, असे मला मनापासून वाटते.

शेडमध्येही दोन जगे शेजारी नांदत. वाफेच्या इंजिनाला कोळशाचा साठा, राखेचा खड्डा, भरपूर चांगले पाणी आणि तोंड फिरवायला टर्नटेबल किंवा रुळांचा त्रिकोण हवा. विजेच्या इंजिनाला दोन्ही टोकांना चालवायची खोली असते, त्यामुळे ड्रायव्हर एका टोकाकडून दुसऱ्याकडे चालत गेला की इंजिन 'फिरले'. सीमेवरच्या गावाला दोन्ही व्यवस्था पोसाव्या लागतात, आणि तोच या सीमेचा कायमचा खर्च असतो.

वाफ गेली, सीमा राहिली

न्यूयॉर्कजवळ, न्यू जर्सीच्या दलदलीत, पेनसिल्व्हेनिया रेलरोडने १९१० मध्ये मॅनहॅटन ट्रान्सफर नावाचे स्थानक मुख्यतः वाफेचे इंजिन सोडून विजेचे लावण्यासाठी उभारले होते. हडसन नदीखालच्या बोगद्यांतून वाफेला नेता येत नव्हते, म्हणून ते हवे होते. तिथे जायला रस्ताही नव्हता. तारा पुढे गेल्यावर १९३७ मध्ये ते बंद झाले आणि मागे काही उरले नाही. इगतपुरीचे असे होईल असे कुणाला वाटले असते तर ते चूक ठरले नसते. पण झाले वेगळेच.

१९५७ मध्ये भारतीय रेल्वेने नव्या विद्युतीकरणासाठी २५,००० व्होल्टचा प्रत्यावर्ती प्रवाह (एसी) स्वीकारला. उच्च दाबामुळे तार पातळ चालते आणि उपकेंद्रे दूर दूर ठेवता येतात. १९३० मध्ये नाशिककडे जायला जे आड आले होते, ते यामुळे दूर झाले. १९६०च्या दशकाच्या अखेरीस भुसावळ-इगतपुरी मार्गावर तारा आल्या, पण त्या या नव्या प्रवाहाच्या. मुंबईकडची जुनी १५०० व्होल्टची यंत्रणा तशीच होती. त्यामुळे वाफेचे इंजिन गेले आणि इगतपुरीला आता एक विजेचे इंजिन सुटून दुसरे विजेचे इंजिन लागू लागले. तेच यार्ड, तेच सांधेवाले, तोच थांबा. १९९०च्या दशकात दोन्ही प्रवाहांवर चालणारी इंजिने मध्य रेल्वेवर आली तेव्हा बदल कमी होऊ लागला, आणि २००६ ते २०१६ या काळात टप्प्याटप्प्याने मुंबईपर्यंत सर्वत्र २५,००० व्होल्टचा प्रवाह आल्यावर त्याचे कारणच संपले.

तरीही गाड्या इगतपुरीला थांबत राहिल्या, कारण प्रवाह बदलला तरी चढ ३७ला १च राहिला होता. कसाऱ्याला मागून लागणारे बँकर इथे सुटतात आणि उतरणाऱ्या गाडीचे ब्रेक इथे तपासले जातात. ही गरजही आता काही गाड्यांपुरती कमी होते आहे. १० फेब्रुवारी २०२३ रोजी सुरू झालेल्या मुंबई-साईनगर शिर्डी वंदे भारतमध्ये मोटरी गाडीभर अनेक डब्यांखाली वाटलेल्या आहेत, जोर एका इंजिनाच्या चाकांवर एकवटलेला नाही, आणि थळघाट चढायला तिला बँकर लागत नाही.